मणिकर्णिका, विश्वेश्वर आणि विषयोन्मुखतेचा प्रश्न

प्रत्येक मानसिक व्यापार कोणत्या तरी विषयाकडे वळलेला असतो, हा फ्रान्झ ब्रेंटानो यांचा १८७४ मधील सिद्धान्त. जाणिवेची ही विषयोन्मुखता पुढे एडमंड हुसर्ल यांच्या फिनॉमिनॉलॉजीचा कणा ठरली. मात्र तिच्या अर्थाविषयी भाष्यकारांत एकवाक्यता नाही. हुसर्ल यांनी १९१३ मध्ये विशद केलेली ‘नोएमा’ ही संकल्पना या वादाच्या केंद्रस्थानी आहे. डागफिन फोलेस्डाल यांच्या १९६९ मधील निबंधानुसार नोएमा हा अर्थ असून त्याच्या द्वारा जाणीव वस्तूकडे वळते. म्हणूनच वस्तू नसतानाही ती विषयोन्मुख राहते. उलट रॉबर्ट सोकोलोव्स्की, जॉन ड्रमंड प्रभृतींच्या मते नोएमा म्हणजे जशी प्रतीत होते तशी ती वस्तूच. मध्ये तिसरे काही नसते.

अनुपस्थित विषय ही या दोन्ही मतांची कसोटी होय. या दृष्टीने काशीतील एक धर्मशास्त्रीय निर्णय विचारार्ह आहे. मणिकर्णिकेवर स्नान करून विश्वेश्वराचे दर्शन घ्यावे, हा काशीयात्रेचा परंपरागत क्रम. परंतु राजकीय उपद्रवामुळे लिंगच स्थानी नसेल तर? मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात याचा निर्णय दिला. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ मधील चौथ्या खंडात त्याची दखल घेतली आहे. दुसरे लिंग स्थापिलेले असल्यास त्याची पूजा करावी. तेही नसल्यास त्या स्थानाला प्रदक्षिणा व नमस्कार करावा. स्नपनादी उपचार मात्र आश्रयाअभावी होत नाहीत.

केवळ अर्थ पुरेसा असता तर स्नपनही मनोमन घडले असते. वस्तू सर्वथा अनिवार्य असती तर नमस्कारही लोपला असता. निर्णय या दोहोंत भेद करतो आणि विषयत्व स्थानाकडे सोपवतो. मनुष्य वस्तूसमोर उभा राहण्यापूर्वीच एका जगात वावरत असतो, ही मार्टिन हायडेगर यांची भूमिका येथे अधिक जवळची वाटते. त्यांच्यावरील जे. एल. मेहता यांचा ग्रंथ १९६७ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयानेच प्रसिद्ध केला, हेही लक्षणीय आहे.

अर्थात नारायणभट्टांना हुसर्ल यांचे पूर्वसूरी ठरविणे अनैतिहासिक होईल. त्यांचा प्रश्न ज्ञानमीमांसेचा नव्हता, कर्माच्या सिद्धीचा होता. तथापि नोएमाविषयीच्या वादात प्राधान्याने प्रत्यक्षज्ञान आणि भाषा यांतील उदाहरणे घेतली जातात. कर्म व स्थान यांचा विचार केल्यावाचून तो वाद अपुराच राहील, एवढे या निर्णयावरून निश्चित म्हणता येते.