मसूर स्टेशनचं पाणी आणि मिरजेतले 'बाहेरचे'

एका सिनेमातल्या प्रसंगापासून सुरुवात करतो. सिनेमाचं नाव 'ओरिजिन'. इझाबेल विल्कर्सन या कृष्णवर्णीय लेखिकेच्या 'कास्ट' या पुस्तकावर एव्हा डुव्हर्ने यांनी तो २०२३ मध्ये काढला. त्यात बाबासाहेब आहेत, म्हणून आम्ही काही कार्यकर्ते एकत्र बसून तो पाहिला. बाबासाहेब पडद्यावर आले तेव्हा ऊर भरून आलाच. पण सिनेमा संपल्यावर चर्चा झाली ती एका पोहण्याच्या तलावाची.

प्रसंग अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, १९५१ सालचा. मुलांचा बेसबॉलचा संघ स्पर्धा जिंकतो आणि आनंद साजरा करायला शहराच्या तलावावर जातो. संघात एकच काळा मुलगा, अल ब्राइट. त्याला आत घेत नाहीत. सोबतचे गोरे मुलगे पोहतात, हा कुंपणाबाहेर बसतो. मोठ्या माणसांनी गयावया केल्यावर शेवटी सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, त्याला एका तराफ्यावर बसवतात आणि तलावात एक फेरी मारून आणतात. अट एकच, पाण्याला हात लावायचा नाही.

आमच्यातला एक तरुण म्हणाला, "हे तर आपलंच आहे." दुसऱ्याने विचारलं, "पण त्याचे मित्र होते ना तिथे? त्यांनी काय केलं?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

कारण वर्ण-वंश ओलांडून होणाऱ्या मैत्रीच्या गोष्टी सिनेमाला फार आवडतात. परदेशातून आलेला माणूस, त्याला न स्वीकारणारं गाव, मग एक भला मित्र, शेवटी मिठी आणि डोळ्यांत पाणी. आम्हालाही अशा गोष्टी आवडतात. पण आपल्या भागाचा इतिहास या गोष्टीत बसत नाही. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस गावाचा होऊ शकला. गावातच जन्मलेला माणूस मात्र गावाचा होऊ शकला नाही.

मिरजेकडे बघा. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा ही या शहराची ओळख. बाहेरून आलेल्या एका सूफी संताची ही जागा. त्यांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. ज्या माणसांना देवळाची पायरी चढायला बंदी होती, त्यांनी आणलेली चादर इथे मानाची ठरली. एका दिवसाचा मान म्हणजे वर्षभराची समता नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. तरीही हा मान कोणी दिला आणि कोणाला दिला, हे विसरून चालणार नाही.

याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १८७२ साली उत्तरेत कैराना इथे जन्मलेला हा गवई मिरजेत राहिला, मिरजेचा झाला. १९३७ मध्ये पाँडिचेरीकडे जाताना वाटेत त्यांचं निधन झालं, तर दफनासाठी त्यांना मिरजेलाच आणलं. त्यांचं घर पाहा. पत्नी ताराबाई माने बडोद्याच्या. थोरली मुलगी चंपाकली १९०५ मध्ये मिरजेत जन्मली. पुढे आई-वडील वेगळे झाले, मुलांची नावं बदलली. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला. गळा तोच, तालीम तीच, पण महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या त्या बदललेल्या नावांना. आपलेपण मिळवताना माणसाला काय काय मागे ठेवावं लागतं, हे या एका घरातून कळतं.

तिसरा माणूस त्याहून दूरचा. विल्यम वॉनलेस, जन्म १८६५, कॅनडा. १८८९ मध्ये हा मिशनरी डॉक्टर भारतात आला आणि १८९४ मध्ये मिरजेत त्याचं इस्पितळ उभं राहिलं. आज सांगली-मिरज रस्त्यावरच्या 'वॉनलेसवाडी'ला कोणी परक्याची वाडी म्हणत नाही. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, ते आम्ही लपवत नाही. धर्मांतरित ख्रिस्ती समाजातही जात शिरली, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. पण रोग्याची जात विचारून दार बंद न करणारं इस्पितळ पटवर्धनांच्या संस्थानात समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने चालवावं, ही गोष्ट इथल्या धर्ममार्तंडांना लाज आणणारी होती.

आता याच भागातल्या दुसऱ्या एका प्रवासाकडे या. पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा जिल्ह्यात मसूर नावाचं लहान स्टेशन आहे. १९०१ साली तिथे चार मुलं उतरली. त्यांतला एक नऊ वर्षांचा भीमराव, सोबत थोरला भाऊ आणि दोन भाचे. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला ही पोरं निघाली होती. न्यायला कोणीच आलं नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांच्या तोंडून 'महार' हा शब्द निघाला आणि त्याचा चेहराच बदलला. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पण गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं. सोबत शिदोरी होती, पण पाणी मिळालं नाही. नाक्यावर तर मुसलमान असल्याचं सांगूनही पाणी मिळालं नाही. रात्र उपाशी गेली.

बाबासाहेबांनी ही आठवण परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून लिहिली. त्या लिखाणाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा लागतो परक्या मुलुखात शिरायला. इथे तो आपल्याच जिल्ह्यात, घोटभर पाण्यासाठी लागत होता. कॅनडाच्या डॉक्टरला आणि कैरान्याच्या गवयाला जे मिळालं, ते साताऱ्यात वाढणाऱ्या पोराला मिळालं नाही. 'बाहेरचे' आणि 'भूमिपुत्र' ही भाषा रोज ऐकवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. इथे परकेपण गाव, भाषा, देश यांवरून ठरत नव्हतं. ते जातीवरून ठरत होतं. १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीत बाबासाहेबांनी आपल्याला मायभूमीच नसल्याचं तोंडावर सांगितलं, त्याचं मूळ मसूरसारख्या ठिकाणी आहे.

मग मैत्रीचं काय? बाबासाहेबांना मित्र मिळाले नाहीत असं मुळीच नाही. नवल भथेना हे पारशी मित्र आयुष्यभर मदतीला राहिले. पण १९१७ मध्ये बडोद्यात पारशी खानावळीतून बाबासाहेबांना बाहेर काढायला काठ्या घेऊन आले तेही पारशीच. एका माणसाची मैत्री तुम्हाला त्याच्या समाजाच्या काठीपासून वाचवेलच असं नाही.

मिरजेहून रेल्वेने जवळच असलेल्या कोल्हापुरात मैत्रीचं वेगळं रूप दिसतं. राजवाड्याच्या पागेत पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना, तर स्वतः भररस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. याच महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या आणि मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत अस्पृश्यांना त्यांचा स्वतःचा नेता दाखवला. महाराज मित्राला तराफ्यावर बसवून फिरवत नव्हते. त्यांनी हौदाचा नियमच मोडायला घेतला.

तरीही बाबासाहेब राजाच्या चांगुलपणावर थांबले नाहीत. राजा बदलला की चहाही बंद होऊ शकतो. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी हजारोंच्या साक्षीने ओंजळीत घेतलं गेलं. म्हणून संविधानात १५ वं कलम विहिरी आणि तलाव सर्वांना खुले करतं आणि १७ वं कलम अस्पृश्यता नष्ट करतं. आणि म्हणूनच उद्देशिकेत 'बंधुता' आहे. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता हे नुसते वरवरचे रंगाचे थर उरतील, असा इशारा त्यांनी संविधान सभेत दिला होता. अमेरिकेतल्या काळ्या जनतेचा लढाही त्यांना सहानुभूतीपुरता नको होता. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं ते संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाची प्रत मागण्यासाठी. कढ काढण्यापेक्षा कागद मागणारी ही मैत्री होती.

आता आपल्याकडे वळू. २००९ च्या गणेशोत्सवात याच मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. ज्या गावाने कैरान्याच्या गवयाला आपलं म्हटलं, ज्या गावात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी सतार-तंबोरे घडवले, त्याच गावात शेजाऱ्याला परका ठरवायला एक चित्र पुरलं. त्या वेळी आपली पोरं कोणाच्या बाजूने रस्त्यावर उतरतात, हा प्रश्न आपल्यालाही आहे. ज्यांना दोन हजार वर्षं व्हिसा नाकारला गेला, त्यांनी दुसऱ्याचा व्हिसा तपासणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं का?

एप्रिल २०१६ मध्ये मिरज जंक्शनवरून दुष्काळी लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला १० वॅगन, सुमारे ५ लाख लिटर. आम्हाला त्याचा अभिमान आहे. कृष्णाकाठचं पाणी शेकडो किलोमीटर दूरच्या अनोळखी माणसांना गेलं आणि त्या गाडीने कोणाची जात विचारली नाही. पण त्याच जंक्शनला येणाऱ्या दुसऱ्या रुळांवर, मसूरला, चार पोरं तहानलेली राहिली होती. पुढच्या वेळी त्या मार्गाने जाल तेव्हा मसूर आलं की खिडकीतून बाहेर बघा. सोबतच्या मित्राला, तो कोणत्याही जातीचा असो, ही गोष्ट सांगा आणि त्याला विचारा, "तिथे तू असतास तर काय केलं असतंस?" त्याच्या उत्तरावरून मैत्री कळेल.

जय भीम!