बेसबॉलची बॅट : पकड फलंदाजाची, माप नियमाचे

क्रिकेटची बॅट चपटी आणि बेसबॉलची गोल, एवढा फरक कुणीही सांगेल. खरा फरक मात्र दांड्यात आहे. क्रिकेटच्या बॅटचा दांडा वेताच्या पट्ट्या चिकटवून तयार होतो, त्या पट्ट्यांमध्ये रबराचे थर असतात आणि हा दांडा विलोच्या पात्यात खाच पाडून बसविलेला असतो. चेंडूचा हादरा या वेतात आणि रबरात बराचसा जिरतो. वरून रबरी आवरण चढविले की काम झाले. क्लाइव्ह लॉइडसारखे मोठ्या पंजाचे फलंदाज अशी अनेक आवरणे एकावर एक चढवीत. बेसबॉलची लाकडी बॅट मात्र टोकापासून टोकापर्यंत एकसंध असते. अ‍ॅश, मेपल किंवा बर्चचे लाकूड कातून ती घडविली जाते. तिचा दांडा सुमारे एक इंच व्यासाचा, गुळगुळीत आणि उघडा. चेंडू चुकीच्या जागी लागला तर हाताला झिणझिण्या येतात आणि तळहाताला घाम सुटला तर बॅट निसटून थेट प्रेक्षकांत जाऊ शकते. अमेरिकेतील खेळाडू या दांड्यावर काय काय लावतात, गुंडाळतात आणि त्याला कसा आकार देतात, याचे एक स्वतंत्र शास्त्रच त्यातून तयार झाले आहे.

पकडीचा नेमका उपयोग काय, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. मूठ जितकी घट्ट तितका फटका लांब, असे अनेकांना वाटते. भौतिकशास्त्र तसे सांगत नाही. चेंडू आणि बॅट यांचा संपर्क जेमतेम एक सहस्रांश सेकंद टिकतो. आघाताची लहर बॅटमधून मुठीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे टकरीच्या क्षणी मूठ कशी होती, याचा चेंडूच्या वेगाशी फारसा संबंध उरत नाही. पकडीचे महत्त्व त्याआधीच्या क्षणांत आहे. पिचर ६० फूट ६ इंचांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकतो तेव्हा फलंदाजाजवळ अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. बॅट निसटण्याची धास्ती असेल तर तो मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगटे जखडतात आणि बॅट उशिरा फिरते. दांडा हाताला चिकटून राहील अशी खात्री असली की मूठ सैल ठेवता येते. चिकटपणाचा सारा खटाटोप या सैलपणासाठी आहे.

त्यासाठीचा सर्वांत जुना आणि अजूनही प्रचलित उपाय म्हणजे पाइन टार, अर्थात चीड वृक्षाचे डांबर. पाइनचे लाकूड कमी हवेत तापविले की हा काळपट तपकिरी, धुराच्या वासाचा चिकट द्रव पाझरतो. एके काळी शिडाच्या जहाजांचे दोरखंड आणि लाकूड पाण्यापासून राखण्यासाठी तो वापरीत. बेसबॉलमध्ये तो फडक्याने किंवा कांडीने दांड्यावर चोळतात. जोडीला राळेची पूड असतेच. अनेक खेळाडू मूठ जिथे येते तिथे डांबर लावीत नाहीत, त्याच्या थोडे वर लावतात. गरज पडली की तिथे हात लावायचा आणि पुन्हा मूठ बांधायची. इथेच नियमाशी गाठ पडते. दांड्याच्या टोकापासून १८ इंचांपर्यंतच असे काही लावण्यास परवानगी आहे.

या १८ इंचांनी बेसबॉलच्या इतिहासातील एक विलक्षण सामना घडविला. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर कॅन्सस सिटी रॉयल्सचा संघ नवव्या डावात ३-४ असा मागे होता आणि त्यांचे दोन गडी बाद झालेले होते. जॉर्ज ब्रेटने रिच ‘गूस’ गॉसेजच्या चेंडूवर दोन धावांचा होमरन मारला आणि रॉयल्स ५-४ असे पुढे गेले. तोच यांकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन मैदानात उतरले आणि ब्रेटच्या बॅटवरील डांबर मर्यादेबाहेर असल्याची तक्रार त्यांनी केली. ब्रेट हातमोजे न घालता खेळे, त्यामुळे त्याच्या बॅटवर डांबराचा लेप नेहमीच सढळ असे. पंच टिम मॅक्लेलंड यांनी बॅट १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवर आडवी ठेवून माप घेतले आणि ब्रेटला बाद ठरविले. होमरन रद्द, सामना यांकीजचा! संतापाने हात उगारत बाकावरून धावत सुटलेला ब्रेट आणि त्याला आवरणारे पंच, हे चित्रण आजही वारंवार दाखविले जाते. पुरावाच नाहीसा व्हावा म्हणून संघातील ज्येष्ठ पिचर गेलॉर्ड पेरी याने या गोंधळात बॅट पळविण्याचा प्रयत्न केला, तोही फसला.

मार्टिन यांची खेळी बिनबुडाची नव्हती. यांकीजचाच कॅचर थर्मन मन्सन याला १९७५ मध्ये याच कारणावरून बाद देण्यात आले होते. पण रॉयल्सने दाद मागितली तेव्हा अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी नियमाच्या शब्दांपेक्षा हेतू पाहिला. डांबराने चेंडू लांब जात नाही. मर्यादा घातली होती ती डांबर लागून चेंडू खराब होतात आणि फेकून द्यावे लागतात म्हणून. तेव्हा बॅट खेळातून काढावी, फटका मात्र वैध राहील, असा निर्णय त्यांनी दिला. उरलेला खेळ १८ ऑगस्ट १९८३ रोजी झाला. मार्टिन यांनी निषेध म्हणून पिचर रॉन गिड्री याला मध्य मैदानात क्षेत्ररक्षणाला उभे केले. निकाल बदलला नाही. रॉयल्स ५-४ असे जिंकले. मैदानावरील वर्तनाबद्दल बाहेर काढलेला ब्रेट त्या दिवशी खेळू शकला नाही. नंतर नियमात स्पष्ट शब्द आले : मर्यादा ओलांडलेली बॅट बाहेर काढावी, पण फटका मारून झाल्यावर तेवढ्या कारणाने फलंदाजाला बाद देऊ नये. ब्रेटची ती बॅट कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.

गंमत अशी की फलंदाजाला मोकळीक असलेले हेच डांबर पिचरला पूर्णपणे वर्ज्य आहे. बोटांना चिकटपणा आला की चेंडू अधिक फिरतो आणि तिथे तो खेळावर थेट परिणाम करतो. यांकीजचा पिचर मायकेल पिनेडा एप्रिल २०१४ मध्ये मानेला डांबर लावून आला, पकडला गेला आणि दहा सामन्यांसाठी निलंबित झाला. जून २०२१ पासून तर पंच पिचरचे हात, टोपी आणि पट्टा नियमितपणे तपासू लागले.

फलंदाजीचे हातमोजे १९६० च्या दशकात रूढ होऊ लागले. केन हॅरलसन याने १९६४ मध्ये गोल्फचा हातमोजा घालून फलंदाजी केली, तिथून ही चाल पडल्याचे सांगितले जाते. त्याच्या बरोबरीने आल्या त्या गुंडाळायच्या पट्ट्या. काहींना साधी कापडी चिकटपट्टी पुरते. ती जाळीसारखी तिरकी गुंडाळली की बोटांना आधार मिळतो आणि मधले लाकूडही हाताला लागते. आता पॉलिमरच्या मऊ पट्ट्या सर्रास मिळतात. अर्धा, १.१ आणि १.८ मिलिमीटर अशा जाडीत त्या येतात. पातळ पट्टीने लाकडाचा स्पर्श कळतो, जाड पट्टीने झिणझिण्या कमी होतात, पण दांडाही जाड होतो. लहान पंजाच्या मुलाच्या बॅटवर जाड पट्टी गुंडाळून देणारे पालक त्याचे कामच अवघड करीत असतात.

पट्टी बदलणे घरीही जमते. जुनी पट्टी सोलून उरलेला गोंद पूर्ण काढावा लागतो. गोंद हट्टी असेल तर केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब देतात. सुरुवात तळाकडून करायची, पट्टी सारख्या ताणाने ओढत प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर किंचित चढवत वर जायचे, टोक तिरके कापायचे आणि वर वेगळ्या चिकटपट्टीने बंद करायचे. वेढ्यांत फट राहिली तर ती तळहाताला पहिल्याच सरावात कळते.

काही खेळाडूंचे समाधान गुंडाळण्याने होत नाही, त्यांना दांडाच वेगळा हवा असतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा सिनसिनाटीचा हायनी ग्रो याचे पंजे लहान होते. त्याने दांडा बारीक करून घेतला, पण पुढचा भाग जाडच ठेवला. बाटलीसारखी दिसणारी ती बॅट ‘बॉटल बॅट’ म्हणून ओळखली गेली. पुढे बारीक दांडा सर्वांनाच आवडू लागला, कारण तो वेगाने फिरतो. पण तो मोडतोही लवकर. मेपलच्या बॅटचे तुकडे मैदानभर उडू लागल्यावर २००८ मध्ये त्याचा अभ्यास झाला आणि लाकडाचे तंतू सरळ आहेत की तिरके हे दिसावे म्हणून दांड्यावर शाईचा ठिपका देण्याची पद्धत आली.

दांड्याच्या टोकाला जी गाठ असते तिला नॉब म्हणतात. ती बॅट निसटू देत नाही, पण खालच्या हाताच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला रुतते. तिथेच हॅमेट नावाचे लहानसे हाड आहे. वारंवार दाब पडून किंवा एखाद्या जोरदार फटक्यात त्याचा आकड्यासारखा भाग तुटतो. जियानकार्लो स्टँटन २०१५ मध्ये आणि माइक ट्राउट २०२३ मध्ये याच दुखापतीने मैदानाबाहेर गेले. अनेकदा तुटलेला तुकडा शस्त्रक्रियेने काढून टाकतात आणि खेळाडूचे कित्येक आठवडे जातात. यावर उतारा म्हणून काही जण नॉबच्या वर चिकटपट्टीचे निमुळते थर देतात, म्हणजे तळहात उतारावर टेकतो. मुकी बेट्ससारख्या खेळाडूंनी त्यापुढे जाऊन कुऱ्हाडीच्या दांड्याप्रमाणे लंबगोल, तिरक्या टोकाची मूठ स्वीकारली. या मुठीत बॅट एकाच दिशेने धरता येते, त्यामुळे चेंडू नेहमी लाकडाच्या त्याच अंगावर बसतो. गोल दांड्याच्या बॅटवर मात्र उत्पादकाचा शिक्का कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच फलंदाजाला मूठ बांधावी लागते.