आनंदीबाईंचा परवाना

परदेशी निघालेल्या माणसाच्या घरी आज तीन गोष्टींची धावपळ दिसते : पैसा, तिकीट आणि व्हिसा. यांपैकी तिसरीचा इतिहास आपण सहसा विचारीत नाही. तो समजून घेण्यासाठी १८८३ सालची एक तयारी पाहू. प्रवासी आपल्या परिचयाच्याच आहेत : आनंदीबाई जोशी. त्यांच्या पदवीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. प्रवासाच्या तयारीविषयी फार थोडे.

प्रथम पैसा. यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून. कोल्हापुरास असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तर आले ते धर्मांतराच्या सल्ल्याचे. ती किंमत उभयतांस मान्य नव्हती. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांनी पत्रे लिहिली, स्नेह जोडला, आपल्या घराचे दार उघडले. राहण्याची सोय झाली. प्रवासखर्चासाठी मात्र हातांतल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या. सोबत मिळाली ती मिशनरी स्त्रियांची.

राहिला परवाना. त्या वर्षी अशा प्रवाशाला ना पारपत्र लागत होते, ना व्हिसा. मग वाट मोकळी होती काय? मुळीच नाही. समुद्र ओलांडणाऱ्याला जात वाळीत टाकी. त्यातून ही तर विवाहित स्त्री, आणि तीही नवऱ्यावाचून निघालेली! शिक्का मारणारे कार्यालय नव्हते. पण दारोदार चौकशी होती.

तिला आनंदीबाईंनी चारचौघांत उत्तर दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी व्याख्यान दिले आणि लोक विचारीत तेच प्रश्न आपण होऊन मांडले. अमेरिकेलाच का? येथे शिकता येत नाही काय? एकटीनेच का? जातीने टाकले तर? संकट आले तर? कोणा स्त्रीने केले नाही ते हिनेच का करावे? आजच्या व्हिसाच्या खिडकीपुढची मुलाखत ती हीच, असे आम्हांस वाटते. फरक इतकाच की, येथे निर्णय देणारा समाज होता. या व्याख्यानाचा बोलबाला झाला, वर्गणी येऊ लागली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही दोनशे रुपये दिले.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांनी बोट धरली. वय नुकतेच अठरा पूर्ण. ४ जूनला न्यूयॉर्क. कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला तो रोझेलला पोहोचल्यावर! आज हा क्रम उलटा आहे : आधी प्रवेश, मग पैशाचा पुरावा, मग व्हिसा, शेवटी विमान. आजच्या नियमाने आनंदीबाईंना बोटीवर पायही ठेवता आला नसता. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या.

सरकारी कागद पुढे आला. पहिल्या महायुद्धात पारपत्राची सक्ती झाली आणि युद्ध संपले तरी ती राहिली. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना आणि १९१७ मध्ये हिंदुस्थानातील मजुरांनाही दार बंद केले. आपल्याकडे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला, आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने बजावले की, पारपत्र काढून घ्यायचे तर रीत न्याय्य हवी, त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

म्हणजे पारपत्र अडविणाऱ्या सरकारविरुद्ध दाद मागता येते. समाजाच्या नकाराला मात्र अपील नाही. व्हिसा हाती असलेल्या मुलीलाही घरी आजही विचारतात : एकटीच का? इतक्या दूर का? काळजीपोटी हे प्रश्न येतात, ते जरूर विचारावेत. पण उत्तर पुरतेपणी ऐकूनही घ्यावे. सेरामपूरच्या श्रोत्यांनी निदान तेवढे केले होते.