हार्ड डिस्क ठणठणीत आहे की शेवटच्या घटका मोजतेय? एका ओळीची कमांड काय सांगते आणि काय सांगत नाही

माहूरसारख्या तालुक्याच्या गावातला एखादा फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. लग्नसराई आटोपलेली आहे, नवरात्रात रेणुकामातेच्या गडावर आलेल्या गर्दीचं शूटिंग साठलेलं आहे, आणि हे सगळं टेबलावरच्या एका काळ्या डबीत आहे. एक दिवस संगणक सुरू होतो, पण ती डबी 'दिसत' नाही. केबल काढून पुन्हा लावली, दुसऱ्या पोर्टात घातली, तरी काही नाही.

डेटा परत काढून देणारा माणूस गाठायचा तर नांदेड गाठावं लागतं, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. काम अवघड असेल तर तिथूनही डिस्क पुण्या-मुंबईला पाठवायची वेळ येते. खर्च हजारांत जातो आणि फोटो परत मिळतीलच याची खात्री कुणी देत नाही.

अशी वेळ येण्याआधी डिस्कची तब्येत विचारायची एक सोय प्रत्येक संगणकात असते. ती फुकट आहे आणि तिला अर्धं मिनिटही लागत नाही. मात्र तिचं उत्तर नीट वाचता आलं पाहिजे.

कमांड लाइन म्हणजे नेमकं काय?

आपण एरवी माउसने चित्रांवर क्लिक करून संगणक चालवतो. कमांड लाइनमध्ये तेच काम शब्द टाइप करून करायचं असतं. काळी किंवा निळी खिडकी उघडते, तुम्ही एक ओळ लिहून एंटर दाबता आणि संगणक उत्तर छापतो.

'माय कॉम्प्युटर' उघडल्यावर सी, डी, ई असे ड्राइव्ह दिसतात. ते डिस्कचे कप्पे असतात. एकाच डिस्कचे तीन कप्पे असू शकतात आणि तीन डिस्क मिळून तीन कप्पेही. आत खऱ्या डिस्क किती आणि त्यांची अवस्था काय, हे त्या चित्रांवरून कळत नाही. कमांडने कळतं.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

पहिली कमांड: डिस्कपार्ट आणि 'लिस्ट डिस्क'

विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन 'डिस्कपार्ट' टाइप करा, एंटर दाबा आणि परवानगी द्या. काळी खिडकी उघडली की 'लिस्ट डिस्क' असे दोन शब्द लिहा. संगणकाला जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते: डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ आणि पुढे. प्रत्येकीसमोर स्टेटस, आकार आणि मोकळी जागा लिहिलेली असते.

इथे दोन गोष्टींवरून हमखास गोंधळ होतो.

पहिली गोष्ट आकाराची. १ टीबीची डिस्क यादीत ९३१ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजते, तर विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरतं. बाइट तेवढेच असतात, फक्त मोजायचं माप वेगळं आहे.

दुसरी गोष्ट स्टेटसची. तिथे 'ऑनलाइन' असं लिहिलेलं असतं. याचा इंटरनेटशी काही संबंध नाही. डिस्क जोडलेली आहे आणि विंडोज ती वापरू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. ती निरोगी आहे, असं हा शब्द कुठेही म्हणत नाही. हजेरीपटावर 'हजर' लिहिलं म्हणून मुलाला ताप नाही असं होत नाही, तसंच हे.

दुसरी कमांड: तब्येत विचारणारी

तब्येतीसाठी पॉवरशेल उघडा. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की 'टर्मिनल' किंवा 'पॉवरशेल' हा पर्याय दिसतो. त्यात लिहा: गेट-फिजिकलडिस्क. मध्ये एक आडवी रेघ द्यायची, जागा कुठेही सोडायची नाही.

प्रत्येक डिस्कचं नाव, प्रकार (फिरणारी हार्ड डिस्क की एसएसडी) आणि 'हेल्थस्टेटस' असा रकाना येतो. 'हेल्दी' म्हणजे सध्या तक्रार नाही. 'वॉर्निंग' किंवा 'अनहेल्दी' दिसलं, तर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे हलवा.

यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंमध्ये 'डब्ल्यूएमआयसी डिस्कड्राइव्ह गेट मॉडेल,स्टेटस' ही कमांड सापडेल. ती 'ओके' किंवा 'प्रेड फेल' असं उत्तर देते. 'प्रेड फेल' म्हणजे डिस्क लवकरच बंद पडण्याची चिन्हं आहेत. पण मायक्रोसॉफ्टने हे जुनं साधन टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं आहे आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ते चालेलच असं नाही. ती कमांड चालली नाही म्हणजे संगणक बिघडला असं समजू नका.

लिनक्सवर 'एलएसबीएलके' लिहिलं की डिस्क आणि त्यांच्या कप्प्यांची यादी येते, पण तब्येत त्यात नसते. मॅकवर 'डिस्कयुटिल लिस्ट' हेच काम करते.

डिस्कला स्वतःची तब्येत कळते कशी?

जवळपास प्रत्येक डिस्कच्या आत 'स्मार्ट' नावाची यंत्रणा असते. पूर्ण नाव सेल्फ-मॉनिटरिंग, अ‍ॅनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी. ती १९९० च्या दशकात आली. डिस्क किती तास चालली, तापमान किती आहे, वाचताना किती चुका झाल्या, याची नोंद ती स्वतःच ठेवत असते.

यातली एक नोंद नीट समजून घेण्यासारखी आहे. डिस्कवरचा एखादा छोटा तुकडा खराब झाला की डिस्क तो वापरातून काढते आणि राखीव जागेतला तुकडा त्याच्या जागी वापरते. शेतातला एक कोपरा चिबड झाला म्हणून तो सोडून बाजूला पेरणी करावी, तसं. या बदललेल्या तुकड्यांची संख्या वाढायला लागली की समजायचं, डिस्क खंगत चालली आहे.

हा सगळा तपशील वाचायला 'स्मार्टसीटीएल' नावाची कमांड आहे. ती 'स्मार्टमॉनटूल्स' या मोफत संचात येते. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस अ‍ॅलन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तो लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतो.

मग 'हेल्दी' दिसलं की निश्चिंत?

नाही. बहुतेक जण फसतात ते इथेच.

गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या १ लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुका दाखवणाऱ्या स्मार्टच्या चार सर्वात महत्त्वाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये या चारही नोंदी शून्य होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त डिस्क या चार नोंदींत कुठलीही पूर्वसूचना न देता गेल्या.

याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसली. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती.

दोन्ही आकडे एकत्र वाचले की नियम सोपा होतो. कमांड 'बिघाड आहे' म्हणाली तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवा. 'सगळं ठीक आहे' म्हणाली तर त्यावर विसंबू नका.

आणखी एक अडचण आहे. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कच्या डबीत मध्ये एक चिप असते. काही डब्यांमधली चिप स्मार्टची माहिती संगणकापर्यंत पोहोचूच देत नाही. स्टुडिओत, झेरॉक्सच्या दुकानात आणि घरोघरी बहुतेक वेळा अशाच डिस्क वापरात असतात.

या चुका टाळा

- डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' निरुपद्रवी आहे, ती फक्त यादी दाखवते. पण त्याच खिडकीत 'सिलेक्ट डिस्क' करून 'क्लीन' लिहिलं, तर त्या डिस्कवरचे सगळे कप्पे पुसले जातात. 'खात्री आहे का?' असं संगणक विचारतही नाही. पेनड्राइव्ह दुरुस्त करायचे व्हिडिओ सर्रास ही कमांड सांगतात. आकडा चुकला की पेनड्राइव्हऐवजी लग्नाचे अल्बम जातात. यादी पाहून झाली की 'एक्झिट' लिहून बाहेर पडा.
- डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. लगेच बंद करा. प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढू शकतं.
- 'वॉर्निंग' दिसल्यावर आधी दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नका. आधी फाइल कॉपी करा, त्यातही जे परत मिळणार नाही ते सर्वात आधी.
- एसएसडी आवाज करत नाही. ती अचानक गप्प होऊ शकते.

खरा उपाय काय?

तपासणीने फार तर इशारा मिळतो. डेटा वाचतो तो दुसऱ्या प्रतीमुळे. यासाठी '३-२-१' हा नियम जगभर सांगितला जातो आणि तो लोकप्रिय केला एका फोटोग्राफरनेच, पीटर क्रोग यांनी. डेटाच्या ३ प्रती ठेवायच्या, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ प्रत दुसऱ्या जागी.

गावपातळीवर याचा अर्थ असा: एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. नेट मंद असेल आणि सगळे व्हिडिओ अपलोड होणं शक्य नसेल, तर किमान निवडक फोटो आणि सातबारा, दाखले, गुणपत्रिका यांचे स्कॅन क्लाउडवर ठेवा. मोठ्या फाइलींसाठी आणखी एक डिस्क घेऊन ती दुकानात न ठेवता घरी ठेवा. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन डिस्क आगीत, पाण्यात किंवा चोरीत एकाच वेळी जातात.

महिन्यातला एक दिवस ठरवून घ्या. त्या दिवशी गेट-फिजिकलडिस्क चालवा, उत्तर वाचा आणि उत्तर काहीही आलं तरी नवी प्रत काढा.

दुकानात पुन्हा कुणी म्हणालं, 'डिस्क चांगली आहे, ऑनलाइन दाखवतेय,' तर त्याला एकच प्रश्न विचारा: त्यातल्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?