गोंदण ते टॅटू

आमच्या ग्वाल्हेरकडच्या आज्यांच्या हातावर तुळशीवृंदावन असे, कपाळावर हिरवट ठिपका. ते त्यांनी हौसेने मागितलेले नव्हते; गोंदणारीण दारी आली की मुलींना धरूनच बसवत. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण सोबत येते, ही समजूत.

१८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. माधवराव महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या मेळ्यात आमच्या लहानपणी असेच यंत्र घरघरे. पण शाळा शिकलेल्या आमच्या आयांनी हात पुढे केला नाही. स्वतःची निवड म्हणावी तर ती त्यांचीच, असे आम्हाला वाटते.

आता नाती टॅटू काढतात, बहुधा मैत्रिणींसारखाच. एकीने मात्र आजीचे वृंदावन मनगटावर उमटवून आणले. आजीने विचारले, “कुणी धरलं होतं गं तुला?”