शशिकलाताई काकोडकर : वारसा आणि कर्तृत्व

स्वतंत्र भारतात राज्यकारभाराची सूत्रे स्त्रीच्या हाती येण्याचा प्रारंभ १९६३ साली उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी यांच्यापासून झाला. त्यानंतर १९७२ मध्ये ओरिसात नंदिनी सत्पथी मुख्यमंत्री झाल्या. तिसरे नाव मराठी वाचकाच्या घरातले आहे; मात्र ते महाराष्ट्रातील नसून गोमंतकातील आहे. शशिकलाताई काकोडकर १९७३ च्या ऑगस्टमध्ये गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या आणि जवळजवळ सहा वर्षे त्या पदावर राहिल्या.

वांकिडी-आसिफाबादच्या पट्ट्यातील मराठी वाचकाला या चरित्राविषयी विशेष जवळीक वाटावी, असे त्यात काही आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा मुंबई राज्याकडे गेला आणि वांकिडीचा मुलूख आंध्र प्रदेशात राहिला. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हा अनुभव येथे नवा नाही. गोमंतकात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला होता, आणि ताईंची सारी राजकीय कारकीर्द त्या प्रश्नाच्या छायेत घडली.

शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी पेडणे येथे झाला. खाणउद्योजक दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या त्या ज्येष्ठ कन्या. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले, त्यानंतरच्या दिवसांत पणजीत ‘जय हिंद’च्या घोषणा देणाऱ्या शाळकरी मुलींत अकरा वर्षांची शशिकला होती. तळहातावर छड्या खाऊनच त्या मुलींची सुटका झाली. पुढे धारवाड आणि मुंबई येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. १९६३ साली गुरुदत्त काकोडकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भाऊसाहेब मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

भाऊसाहेबांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष दोन गोष्टींच्या बळावर उभा होता. एक, गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. दुसरी, भाटकारांच्या जमिनी कसणाऱ्या बहुजनसमाजाला न्याय. पहिल्या गोष्टीचा निकाल १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात लागला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने पक्षाच्या नावातलाच हेतू मागे पडला. तरीही मतदारांनी पक्ष सोडला नाही. याचे कारण दुसऱ्या गोष्टीत होते, आणि तेथेच ताईंच्या कार्याचे खरे मोल आहे.

१९७२ च्या निवडणुकीनंतर त्या वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे आकस्मिक निधन झाले आणि पक्षाने त्यांच्या कन्येला पुढे केले. वडिलांच्या पुण्याईवर मिळालेले पद, अशी टीका तेव्हा झाली व नंतरही होत राहिली. ती टीका निराधार होती असे म्हणता येणार नाही. बांदोडकर हे नाव नसते तर अडतीस वर्षांच्या स्त्रीकडे त्या काळी कोणत्या पक्षाने राज्य सोपविले असते? परंतु पद कसे मिळाले आणि ते कसे वापरले, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

वापरले ते असे. गोव्यात भाटकाराच्या बागायतीत झोपडी बांधून राहणाऱ्या माणसाला ‘मुंडकार’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तो तेथे राही. पण भाटकाराची मर्जी फिरली की रस्त्यावर येई. मत देतानाही त्याला मालकाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यास बंदी केली आणि घर व त्याभोवतीची जागा, गावात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क दिला. पाठोपाठ १९७६ मध्ये कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती आली. भाऊसाहेबांच्या १९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले होते. या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. जमीनदार न्यायालयात गेले, वाद लांबला, आणि अखेर १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत समाविष्ट झाला. अंमलबजावणी रेंगाळली हे खरे. तथापि पित्याने रक्षिलेल्या कुळाला कन्येने मालक केले, हे पाऊल वारशाच्या पुढचे होते.

१९७७ च्या निवडणुकीत तीस जागांपैकी पंधरा जागा जिंकून त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. या खेपेस मात्र बहुमत काठावरचे होते. यांत्रिक ट्रॉलरमुळे पोटावर पाय आलेले रापणकार मच्छीमार रस्त्यावर उतरले. बसभाड्यात निम्मी सवलत मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी १९७८-७९ मध्ये मोठे आंदोलन केले. कष्टकऱ्यांचा म्हणवणाऱ्या पक्षाच्या सरकारला रापणकारांचे दुःख वेळीच कळू नये, हे त्या राजवटीचे मोठे वैगुण्य होय. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षाचेच सदस्य फुटले, सरकार कोसळले व राष्ट्रपती राजवट आली. १९८० च्या निवडणुकीत पक्षाची धूळधाण झाली. त्यानंतर ताईंचा काँग्रेसप्रवेश, भाऊसाहेबांच्या नावाने काढलेला वेगळा पक्ष आणि शेवटी स्वगृही आगमन, ही वाटचाल त्यांच्या चाहत्यांनाही कोड्यात टाकणारी ठरली. दरम्यान १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे रोजी गोवा घटकराज्य बनले.

१९९० मध्ये पुरोगामी लोकशाही आघाडीच्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते त्यांच्याकडे आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान मिळेल, असा निर्णय त्यांनी घेतला. यातील विलक्षण गोष्ट अशी की, आयुष्यभर मराठीचा पक्ष घेतलेल्या या बाईंच्या निर्णयाने कोकणी माध्यमालाही बळ आले. चर्चसंस्थेच्या अनेक प्राथमिक शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. मराठी-कोकणी वाद कितीही कडवट असला, तरी लहान मुलाच्या पहिल्या पाटीवर घरची भाषा असावी, एवढ्यापुरते दोन्ही पक्ष एका बाजूस आले.

ते सरकार वर्ष संपण्यापूर्वीच गेले. धोरण मात्र वीस वर्षे टिकले. २०११ मध्ये राज्य सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या शशिकलाताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या. त्या व्यासपीठावर कोकणीचे कैवारीही त्यांच्या शेजारी होते. २०१२ मध्ये सरकार बदलले, पण चालू इंग्रजी शाळांचे अनुदान बदलले नाही, आणि मंचाचे आंदोलनही थांबले नाही. ते चालू असतानाच, २८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताईंचे निधन झाले. त्या दिवसापर्यंत गोव्याच्या मुख्यमंत्रिपदी दुसरी स्त्री आली नव्हती.