सुलट टांका आणि उलट टांका

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख. कापड म्हणजे मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनीं विणलेलें वस्त्र, असेंच येथें पूर्वापार समजलें जाई. सुयांवर एकाच धाग्याचे वेढे एकमेकांत गुंतवून वस्त्र करण्याची कला या देशांत मुख्यत्वें १९ व्या शतकांत युरोपीय स्त्रिया व मिशनशाळा यांच्या द्वारें पसरली. पुष्कळांस ती लोकरीची कला वाटते. परंतु इजिप्तांत सांपडलेल्या तिच्या अतिप्राचीन नमुन्यांत पांढऱ्या व निळ्या सुताचे मोजे आहेत. तेव्हां कापूस पिकविणाऱ्यांस ती परकी वाटूं नये.

या कलेंत नमुने शेंकडों, मूळ टांके मात्र दोनच. सुईवरील वेढ्यांतून नवा वेढा मागून पुढें ओढला कीं सुलट. पुढून मागें नेला कीं उलट. वस्तुतः या एकाच टांक्याच्या दोन बाजू होत. सुलट टांका पाठीमागून पाहिला असतां उलटच दिसतो.

जर्मनींतील बुक्स्टेहूड येथील वेदीच्या, सुमारें इ. स. १४०० च्या चित्रांत पवित्र मरीया चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणीत बसली आहे. शुभवर्तमानांतील बिनशिवणीच्या अंगरख्याचें स्मरण येथें सहज होतें. असें गोल विणतांना दर्शनी बाजूच सदैव समोर असते. म्हणून सर्व टांके सुलट घातले तरी वस्त्र गुळगुळीत उतरतें, उलट टांक्याची गरज पडत नाहीं. तो टांका पुढें बऱ्याच उशिरां आढळतो. त्याच्या जुन्या पुराव्यांत फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा हिच्या अंगावर १५६२ सालीं दफनसमयीं असलेले रेशमी मोजे येतात.

सपाट विणतांना मात्र प्रत्येक ओळीस काम फिरवावें लागतें. सर्व ओळी सुलट घातल्या तर दोन्ही बाजूंस सारख्या आडव्या धारा उठतात व कापड जाड, सपाट राहतें. एक ओळ सुलट व एक उलट घातली तर दर्शनी बाजू गुळगुळीत होते, पण कडा वळतात. एकाच ओळींत एक सुलट, एक उलट घालून पुढें त्यांच्याच उभ्या रांगा राखल्या तर वीण ताणते व पुन्हा आवळते. म्हणून ती मनगटास व गळ्यास योग्य. तेच टांके दर ओळीस अदलाबदल केले तर साबुदाण्यासारखे दाणे उठतात.

यंत्रासहि हा भेद सहज साधला नाहीं. विल्यम ली याचें मोजे विणण्याचें यंत्र १५८९ सालचें. तें गुळगुळीत वीणच करी. ताणणाऱ्या विणीची जोड त्यास जेडेडाया स्ट्रट यानें दिली व तिचें पेटंट १७५९ सालीं घेतलें.

आपल्या उन्हाळ्यांतला सुती गंजीफ्राक याच कुळांतला. विणकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या गर्न्सी बेटाचें नांवच त्यांत दडलें आहे. तो उलटून पाहावा. बाहेर उभ्या साखळ्या, आंत आडव्या लाटा. नवशिक्या मुलीस उलट टांक्याबद्दल रागें भरण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असावें कीं, त्याच्यावांचून स्वेटराची बाही मनगटास धरून बसली नसती.